गुरुवारचा पाय

आईच्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाचा चेहरा पाहिला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. चेहऱ्यावर मुरूम, वांग किंवा इसब असेल तर गोष्ट वेगळी. मग ते तासभर त्या चेहऱ्याकडे बघत आणि तरीही तो कुणाचा आहे हे त्यांच्या लक्षात येत नसे. माणसं त्यांना कातडीवरून ओळखू येत. एकदा कोठीच्या बाजारात त्यांची सख्खी बहीण समोर उभी राहून दोन मिनिटं बोलत होती आणि हे ‘हौ हौ’ म्हणत परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं मान हलवत होते. मग तिनं भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मनगटावरचा जुना भाजल्याचा डाग दिसला आणि डॉक्टर आनंदानं ओरडले, “अगं, हा डाग तर आमच्या घरचा आहे!” बहिणीनं ही गोष्ट मरेपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगितली. डॉक्टरांना त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधीच कळलं नाही.

माझी आणि त्यांची ओळखही तशीच झाली. मी तेव्हा नारायणगुड्याच्या एका मुलींच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. पगार झाला की कोठीला जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात जायचं हा माझा एकमेव शौक. त्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत डॉक्टरांचा दवाखाना होता. एके संध्याकाळी मी पुस्तक चाळत उभी असताना मागून कुणीतरी माझा उजवा हात उचलून उजेडाकडे नेला. मी दचकून वळले तर एक उंच, वाकलेले गृहस्थ माझ्या बोटांशी बोलत होते. “मास्तरीण. तीन बोटं खडूनं खाल्ली. चौथं शाबूत, म्हणजे खडू धरायची पद्धत चांगली आहे.” मग दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाचा हात ओढून माझ्या हाताशेजारी ठेवला. “आणि हे बघा, हे खळीचं काम. पुस्तकं चिकटवू चिकटवू बोटांच्या बेचक्यांत भेगा. खाँसाहेब, किती वेळा सांगितलं, हात धुऊन तेल लावा म्हणून?” खाँसाहेब म्हणाले, “तेल लगाऊँ तो किताब पे दाग पडते, डॉक्टरसाब.” “मग किताब जपा आणि हात सोडा!” असं म्हणून डॉक्टर जिना चढून गेले. माझा हात तेवढा त्यांनी आठवणीनं परत केला.

त्यांच्याकडे सायकल होती. तिच्यावर ते क्वचितच बसत. सायकलवर बसलं की लोक भर्रकन मागे जातात, मान, कोपर, घोटा काही नीट दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते ती हातात धरून शालीबंड्याहून कोठीपर्यंत पायी येत आणि वाटेत निदान चार जणांना उभं करत. कचेरीतल्या कारकुनांच्या कपाळावर रुमी टोपीच्या आतल्या चामडी पट्टीनं जी लाल वर्तुळाकार खाज उठे, तिचे तर ते जाणकार होते. नुसत्या वर्तुळावरून, हा माणूस दहा वर्षं नोकरीत आहे की वीस, हे सांगत. पुढे राज्य बदललं, रुमी टोप्या पेटीत गेल्या आणि त्याच डोक्यांवर कडक खळ घातलेल्या पांढऱ्या टोप्या आल्या. तेव्हा कुणीतरी त्यांना विचारलं, “काय डॉक्टर, काय फरक पडू लागलाय म्हणता?” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, “खाज दोन बोटं खाली आली.”

पण गंमत करायची म्हणून ते काही बोलत नसत, हे सांगितलं पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीचं लग्न ठरलं, आणि साखरपुड्याच्या आधी तिच्या मानेवर पांढरट चट्टे दिसले. मुलाकडच्यांनी ‘कोड’ हा शब्द उच्चारला, दुसऱ्या कुणी त्याहून वाईट शब्द उच्चारला. मुलीनं दोन दिवस अन्न सोडलं. डॉक्टर आले. कापसाच्या बोळ्यानं, टाचणीच्या टोकानं त्या मानेची परीक्षा घेतली आणि म्हणाले, “शिबं आहेत. घामानं येतात, औषधानं जातात.” मुलाचे वडील काही ऐकेनात. डॉक्टर थोडा वेळ त्यांच्या कॉलरकडे बघत राहिले, मग त्यांना म्हणाले, “जरा सदरा काढता का?” त्यांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत तेच चट्टे निघाले. डॉक्टरांनी आरसे मागवून ते चट्टे त्यांना त्यांच्याच पाठीवर दाखवले. “आता या पाठीचं लग्न मोडायचं का?” त्या लग्नाला आम्ही जेवलो. नवरदेवाच्या वडिलांनी उभ्या लग्नात पाठ भिंतीला टेकवून ठेवली होती एवढंच मला आठवतं.

आता आईबद्दल. वडील गेले त्याच्या तिसऱ्या महिन्यात आईच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला एक जखम झाली. आधी खाजवून फुटलेला ठिपका. मग बघता बघता विड्याच्या पानाएवढी. तीन वर्षं ती भरली नाही. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं शेवटी सांगितलं, “आणखी सहा महिने बघू. नाहीतर गुडघ्याखाली काढावा लागेल.” आईनं ते शांतपणे ऐकलं आणि घरी येऊन मला म्हणाली, “एका पायानं मी तुळशीला फेऱ्या कशा घालणार गं?” त्यानंतर पुढच्या पगाराची वाट न बघता मी कोठीचा तो जिना चढले.

डॉक्टर दर गुरुवारी घरी येऊ लागले. त्यांची पद्धत अशी. पांढऱ्या पतंगाच्या कागदाचे ते दस्तेच्या दस्ते विकत घेत. संक्रांतीच्या सुमारास दुकानदार त्यांना विचारी, “साब, किती पोरं तुमच्या घरी?” आणि डॉक्टर, ज्यांचं लग्नच झालं नव्हतं, ते प्रामाणिकपणे सांगत, “सध्या चाळीस-पंचेचाळीस पाय आहेत.” जखम धुऊन झाली की तिच्यावर उकळून घेतलेली काच धरायची, काचेवर पतंगाचा कागद, आणि कागदावर पेन्सिलीनं जखमेची कडा गिरवायची. खाली तारीख आणि सही. मग मागच्या गुरुवारचा कागद त्यावर ठेवून दोन्ही खिडकीशी धरायचे. “डोळे खोटं बोलतात, वहिनी. रोज बघणाऱ्याला जखम रोज तेवढीच दिसते. कागदाला विचारावं.” वडिलांना ते ओळखतही नव्हते, पण पहिल्याच दिवशी त्यांनी आईला वहिनी करून टाकलं.

मग जस्ताच्या मलमाची कापडी पट्टी, आणि तिच्यावर बोटांपासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधलेलं बँडेज. खाटेच्या पायथ्याखाली दोन दोन विटा. “जखमेत काही खोट नाही,” ते समजावून सांगत, “खोट रक्ताच्या चालण्यात आहे. हे हैदराबादचं रक्त. खाली उतरताना उतरतं, मग बैठक मारून बसतं, वर जायचं नाव काढत नाही. आपण त्याला मागून ढकलू लागलोय.” आणि शेवटची ताकीद: “गुरुवारपर्यंत उघडायचं नाही.”

आई रोज उघडत असे.

दुपारी मी शाळेत असताना आमच्या ओसरीवर बायका जमत. समोरच्या वकिलीणबाई, त्यांची जाऊ, मागच्या घरातल्या तेलुगू अम्मा, गिरणीवाल्यांच्या आजी. आई बँडेज सोडून पाय दाखवी. प्रत्येकीकडे काही ना काही औषध असे. वकिलीणबाई हळद-लोणी आणत, अम्मा ‘वेपाकु, वेपाकु’ म्हणत कडुलिंबाचा पाला वाटून आणत, आजी तर एकदा चिलमीतली राख घेऊन आल्या. त्या सगळ्याचा थोडा थोडा मान ठेवून आई पाय पुन्हा बांधी. सैल, अर्थातच. गुरुवारी डॉक्टर पट्टी सोडत, आणि नुकती धरलेली कोवळी कातडी हळदीसकट पट्टीला चिकटून निघून येई.

डॉक्टरांनी एक युक्ती केली. थुंकी लावली की जांभळी उमटते ती शाईची पेन्सिल घेऊन बँडेजच्या सगळ्या वेढ्यांवरून त्यांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. पट्टी सोडून पुन्हा बांधली की रेघेचे तुकडे इकडे तिकडे होणार. पहिल्या गुरुवारी तुकडे पायभर विखुरले होते. “झोपेत हलली असेल,” आई म्हणाली. दोन आठवड्यांत आई एवढी तरबेज झाली की रेघ अगदी दोऱ्यासारखी जुळू लागली. मग डॉक्टरांनी रेघेवर आडवी, तीन वेढे झाकेल अशी आपली सही करायला सुरुवात केली. तेव्हा सरकारी कामकाज उर्दूत, त्यांची सहीही उर्दूत. ती मात्र आईला जुळवता येईना. आणि इथे मी आले. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. बुधवारी संध्याकाळी नवी पट्टी बांधून आई माझ्यासमोर पाय धरी आणि म्हणे, “लिही गं एवढं. तुझं अक्षर चांगलं आहे.” मी लिहीत असे. मी शाळेत मुलींना नक्कल केली म्हणून बाकावर उभं करत होते आणि घरी येऊन डॉक्टरांची खोटी सही करत होते. आईला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, एवढंच त्याचं कारण.

माझ्या चौथ्या की पाचव्या खोट्या सहीच्या गुरुवारी डॉक्टरांनी ती बघितली, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला.

“मास्तरीणबाई,” ते म्हणाले, “माझी सही तीस वर्षांत औषधाच्या दुकानदारालाही वाचता आलेली नाही. ही रस्त्यावरच्या कुणालाही वाचता येईल.”

माझे कान तापले. आई म्हणाली, “तिला बोलू नका. मी सांगितलं तिला.”

“मग तुम्ही का उघडलं?”

“माझा पाय आहे, मी बघू नको?”

“तुमचा पाय गुरुवारी, वहिनी. बाकीचे सहा दिवस माझा.” त्यांनी कागद खिडकीशी धरला. विड्याचं पान विड्याचं पानच होतं. एका बाजूनं तर बोटभर वाढलं होतं. त्यांनी तो कागद आईच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. “सहा महिन्यांतले अडीच गेले. मला पाय काढणारे पुष्कळ माहीत आहेत. मी त्यांच्यातला नाही, आणि मला तुम्हाला त्यांच्याकडे पाठवायचं नाही. समजलं?” आई रडली नाही. तिनं कागदाची नीट घडी केली आणि म्हणाली, “चहा घेऊन जा.” आणि शुक्रवारी दुपारी पुन्हा पट्टी सोडली.

त्या वर्षी देश स्वतंत्र होऊन गेला होता आणि आम्ही हैदराबादकर मात्र अजून व्हायचे होतो. शहरात रोज नवी अफवा येई. हळूहळू आमच्या ओळीतली घरं बंद होऊ लागली. वकिलीणबाई सोलापूरला भावाकडे गेल्या, जाऊ त्यांच्यामागून गेली. अम्मा बेझवाड्याला लेकीकडे गेल्या. जाताना पाल्याचा गोळा केळीच्या पानात बांधून ठेवून गेल्या. गिरणीवाल्यांच्या आजींना टांग्यात उचलून बसवलं, त्या आईकडे बघून नुसता हात हलवत होत्या. आम्हालाही मामाची पत्रं येत होती. आई म्हणे, “या पायानं मी सोलापूर बघायची नाही.” मग डॉक्टर म्हणाले, “उत्तम. जाऊ नका. मला सोलापूरपर्यंत चालत यावं लागेल.” आम्ही राहिलो.

मग सप्टेंबरातले पोलीस कारवाईचे ते पाच दिवस आले. त्या गुरुवारी डॉक्टर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही गुरुवारी नाही. त्यांच्या घराकडे, नदीपलीकडे, जाता येत नव्हतं आणि तिकडून कुणी येत नव्हतं. शाळा बंद होती. मी आणि आई दारं लावून घरात बसलेल्या असू. मी वाचायचं सोंग करी, आई वाती वळत बसे. लोक रस्त्यावर गुलाल उधळू लागले तेव्हा आम्ही खिडकीतून बघितलं. मला आनंद झाला होता, हे खरं आहे. आणि कोठीचं पुस्तकांचं दुकान उघडलं असेल का, खाँसाहेब कसे असतील, हा घोरही होता, हेही खरं आहे.

तिसऱ्या गुरुवारी फाटकाशी सायकलची घंटा वाजली. डॉक्टर आणखी वाकले होते, दाढी वाढली होती. आईनं विचारलं, “तुमच्याकडे सगळे ठीक?” ते म्हणाले, “आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत पेढे आहेत आणि अर्ध्या घरांत दारामागे कपाटं लावलीत. घामोळं दोन्हीकडे आहे, म्हणून दोन्हीकडे जाऊ लागलोय.” खाँसाहेबांना त्यांनी आपल्या घरी आणून ठेवलं होतं. “हात बघायला हाताशी पाहिजेत,” एवढंच ते त्याबद्दल बोलले.

मग ते खाली बसले आणि आईचा पाय मांडीवर घेतला. पट्टी मळली होती. सही अंधूक झाली होती, पण होती. वेड्यावाकड्या, कुणाला न वाचता येणाऱ्या अक्षरात. त्यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पट्टी सोडली, पाण्यानं भिजवून, वेढ्यामागून वेढा, एवढी सावकाश की माझं एक सबंध पुस्तक वाचून झालं असतं. शेवटचं कापड निघालं. जखम नव्हती. म्हणजे होती, चिंचोक्याएवढी, कोरडी, आणि भोवती सगळी नवी, गुलाबी, पातळ कातडी, साईसारखी.



“वहिनी,” डॉक्टर म्हणाले, “इतक्या दिवसांत एकदाही उघडलं नाही?”

“नाही.”

“का बरं?”

“दाखवू कुणाला?” आई म्हणाली. “सगळ्या गेल्या की.”

आणि मग मी आयुष्यात एकदाच बघितलेली गोष्ट घडली. डॉक्टरांनी मान वर करून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. कातडीकडे नाही, चेहऱ्याकडे. आई गोंधळली, नाकाला हात लावून म्हणाली, “काय झालं? काही उठलंय का?”

वडील गेल्यापासून आईला हळदीकुंकवाला कुणी बोलावत नव्हतं. डोहाळजेवण नाही, बारसं नाही. माणसं दारावरून जात आणि हाक मारून पुढे जात. मग पाय चिघळला, आणि बायका ओसरीवर येऊन बसू लागल्या. मी त्याच घरात राहत होते, शेकडो पुस्तकं वाचत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. डॉक्टरांना ते त्या एका वाक्यात दिसलं. त्यांनी खाली बघून काच ठेवली, कागद ठेवला, चिंचोका गिरवला, आणि अतिशय कडक आवाजात निदान सांगितलं.

“जखम भरू लागलीय. पण ही जात भरवशाची नाही. भरली तरी दर गुरुवारी बघावी लागणार.”

“कुठवर?”

“आयुष्यभर. त्याला इलाज नाही.”

आईनं कपाळाला हात लावला. पण माझ्याकडे वळून “आधण ठेव गं, तीन कपांचं” म्हणाली तेव्हाचा तिचा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता.

दिवाळीच्या पाडव्याला आई माझा हात न धरता कोठीचा जिना चढली. प्रत्येक पायरीवर थांबली, पण चढली. खाली दुकान उघडलेलं होतं. खाँसाहेब उठून उभे राहिले. वर डॉक्टर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “बसा. काय होऊ लागलंय?” आईनं उत्तर दिलं नाही. तिनं लुगडं चार बोटं वर घेऊन डावा पाय त्यांच्या समोरच्या स्टुलावर ठेवला. डॉक्टर बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी विसरणार नाही. “अरे,” ते म्हणाले, “हा तर माझा पाय!”

बायका परत आल्या, हळद-लोण्यासकट. आईनं त्यांना घोटा दाखवला, आणि आता तो दाखवण्यासारखा होता. पण गुरुवार डॉक्टरांचा राहिला. पुढची आठ वर्षं ते सायकल हातात धरून येत, भरलेल्या जागेवर काच धरत, कागद ठेवत, गंभीर चेहऱ्यानं काहीतरी बघत, तारीख घालत, सही करत. मग चहा, शंकरपाळी, आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या कातडीची हालहवाल. राज्याचे तुकडे झाले, आमचे बरेच लोक औरंगाबादेकडे, मुंबईकडे गेले, तेव्हाही आई म्हणाली, “माझं गुरुवारचं असतं.” दोन वर्षांपूर्वी ती गेली, साध्या तापानं, दोन्ही पायांसकट. त्यानंतरच्या गुरुवारी डॉक्टर आले. खुर्चीवर बसले, काच बाहेर काढली, जरा वेळ हातात धरली, पिशवीत ठेवली. मग माझा उजवा हात ओढून घेतला आणि म्हणाले, “खडूला कागद गुंडाळून धरत जा.”

गेल्या महिन्यात डॉक्टर गेले. त्यांचा भाचा परवा एक गठ्ठा घेऊन आला; वर आईचं नाव होतं. पतंगाचे कागद, तारखेवार. पहिल्या पंचवीस-तीस कागदांवर विड्याचं पान, मग त्याचा चिंचोका, मग मसुरीचा दाणा. पुढचे सगळे, चार बोटं जाडीचे, कोरे. फक्त तारीख आणि ती न वाचता येणारी सही. “हे कोरेच राहिलेत, बाई,” भाचा म्हणाला. “टाकून देऊ का?” मी म्हटलं, नको. सगळ्यात शेवटचा कागद आई गेल्यानंतरच्या गुरुवारचा आहे. तोही तसाच.

मी गठ्ठ्याला कापडाची पट्टी गुंडाळून तो कपाटात ठेवला आहे, आणि शाईच्या पेन्सिलीनं सगळ्या वेढ्यांवरून एक रेघ ओढली आहे. गुरुवारपर्यंत उघडायचा नाही, असं ठरवलंय. आज मंगळवार. दोनदा उघडून झाला. रेघ मात्र जुळवून ठेवली आहे.